मापून प्यायलेलं पाणी

मी नेमकं काय काम करतो, हे माझ्या आईला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. दौंडला आमच्या मोहल्ल्यात कुणी विचारलं की ती मोठ्या अभिमानाने म्हणायची, "आमचा सलीम शिरूरला रक्त धुतो." ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगा दवाखान्यातल्या रक्ताच्या चादरी धुतो. एवढ्यावरून एका स्थळाने नकार कळवला होता. आई त्या लोकांवर कायमची खट्टू झाली, पण आपलं वाक्य काही तिने बदललं नाही. आणि खरं सांगू का, तिचं वाक्य चुकीचं नव्हतंच. मी डायलिसिसचा टेक्निशियन. ज्यांची मूत्रपिंडं बंद पडलीत, त्यांचं रक्त यंत्रातून फिरवून स्वच्छ करून परत त्यांच्या अंगात सोडायचं, हे माझं आयुष्यभराचं काम.

आता मूत्रपिंड म्हणजे शरीरातली मोरी, असं बरेच जण समजतात. आमच्या धंद्याचा तो अपमान आहे, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढे हे दोन अवयव असतात. अंगातलं सगळं रक्त दिवसभर पुन्हा पुन्हा त्यांच्यातून फिरतं. आत लाखो बारीक गाळण्या असतात. पण त्यांची खुबी गाळण्यात नाही, परत घेण्यात आहे. आपण दिवाळीच्या साफसफाईला घरातलं सगळं सामान अंगणात काढतो आणि मग कामाचं तेवढं पुसून परत आत नेतो, तसं चालतं त्यांचं. पाणी, मीठ, साखर, सगळं आधी बाहेर काढायचं आणि मग शरीराला हवं तेवढं निवडून परत घ्यायचं. अंगणात उरलेला कचरा म्हणजे लघवी. ती दोन नळ्यांतून खाली मूत्राशयाच्या पिशवीत उतरते. पिशवी भरत आली की मेंदूला निरोप जातो, आणि मग एसटीत बसलेला माणूस यवतचा ढाबा कधी येतो म्हणून खिडकीबाहेर बघत बसतो.

शिवाय रक्तदाब सांभाळणं, नवीन रक्त तयार करायला हाडांना सांगावा धाडणं, हीही कामं त्यांचीच. म्हणून मूत्रपिंड गेलेला माणूस पांढराफटक दिसतो. वाईट एवढंच की ही मंडळी फार सोशिक. मुतखडा झाला की माणूस गडाबडा लोळतो, गाव गोळा करतो. पण मूत्रपिंड हळूहळू निकामी होतं तेव्हा हूं की चूं करत नाही. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, त्यात कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी रोज जेवणासारखी चाललेली. पाय सुजले, दम लागला की मग धावाधाव. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली रीत ती हीच.

मी काम शिकलो पुण्यात, नव्वदच्या दशकात. तेव्हा आमच्या भागातल्या पेशंटला प्रत्येक खेपेला पुणं गाठावं लागायचं. दोन हजार सालाच्या पुढेमागे शिरूरच्या एका डॉक्टरांनी आपल्या खासगी दवाखान्यात दोन यंत्रं बसवली आणि मला बोलावून घेतलं. दौंडहून चौफुला, न्हावरे करत एसटीने शिरूर. निम्मं आयुष्य त्या रस्त्यावर गेलं. आज गावोगावी यंत्रं झालीत, झाली ते उत्तमच झालं. पण त्या दोन यंत्रांच्या खोलीची सर कशाला नाही असं मला वाटतं. शेजारच्या खोलीत पाणी शुद्ध करायचा प्लांट घरघरत असायचा, कारण इथल्या बोअरच्या पाण्यात एवढा क्षार की तसं वापरलं तर पेशंटचं काही खरं नाही. खिडकीत कुणाचा तरी रेडिओ. चार तास एकाच जागी पडून राहायचं, तेही आठवड्यातून दोनदा-तीनदा, म्हटल्यावर माणसं बोलायची. ऊस, सून, रांजणगावच्या कंपनीतली पोराची नोकरी, सगळं मला पाठ असायचं.

या धंद्यातली खरी लढाई मात्र सुईशी किंवा यंत्राशी नसते. ती पाण्याशी असते. निरोगी माणूस तांब्याभर पाणी प्यायला तर तासा-दोन तासांत बाहेर टाकतो. आमच्या पेशंटला लघवीच होत नाही. मग आज प्यायलेलं पाणी डायलिसिसच्या पुढच्या पाळीपर्यंत अंगातच राहतं. आधी पायांत उतरतं, मग फुप्फुसात चढतं, आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडायला लागतो. म्हणून दिवसाचं पाणी मापून. कुणाला अर्धा लिटर, कुणाला त्याहून थोडं जास्त. पेशंट आला की आधी वजनकाट्यावर. एक लिटर जास्त प्यायलं की एक किलो वजन जास्त, यात वकिली चालत नाही.

तरी चालवायचे. दौंडचे एक रेल्वेतून रिटायर झालेले गृहस्थ होते, ते बर्फ चघळायचे. "सलीम, पाणी पितंय कोण? बर्फ खाल्ला," म्हणायचे. यवतच्या एक खानावळवाल्या मावशी होत्या. पाण्याच्या बाबतीत अगदी कडक. उन्हाळ्यात एकदा त्यांचा काटा असा काही वर गेला की मी दोनदा तपासला. खोदून खोदून विचारल्यावर म्हणाल्या, "कलिंगड खाल्लं रे. ते तर फळ हाय." मी कपाळाला हात लावला. मी चिडायचो, ओरडायचो. माझा स्वभावच तसा तापट. पेशंट मला डॉक्टरांपेक्षा जास्त भ्यायचे, आणि ते मला आवडायचंही.

मला सगळ्यात जास्त भ्यायचे, किंवा भ्यायचं सोंग करायचे, ते बिरूआबा. इनामगावच्या अलीकडे घोडनदीच्या काठाला त्यांची वस्ती. धनगराचं घर. पूर्वी मेंढरं घेऊन मुलूख फिरलेला माणूस, पुढे विहीर पाडून उसात स्थिरावला. साठी ओलांडलेले, उंच, काटक, डोक्याला लाल पटका. हाताच्या शिरेला केलेल्या ऑपरेशनमुळे त्यांच्या मनगटाजवळ हात ठेवला की आत घरघर जाणवायची. सुई टोचायला ती जागा लागते. आबा ती नव्या पेशंटला कौतुकाने दाखवायचे. "बघ, हात लावून बघ. जित्ता हाय."

रमजानमध्ये मी रोजा धरून काम करायचो. एकदा माझे सुकलेले ओठ बघून आबा म्हणाले, "सलीमभाई, तुमचा येक म्हयना. माजा बारमाही रोजा हाय, आन् सांजंला सोडायची सोय न्हाई." खोलीतले सगळे हसले. मीही हसलो, पण त्या दिवशी कुणावर ओरडलो नाही.

आबांच्या धाकट्या मुलीचं, मंगलचं, लग्न ठरलं त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न जवळ आलं तसे आबा खुशीत होते. पाळी चुकवत नव्हते, काटाही ताळ्यावर होता. आणि एका दुपारी दवाखान्याच्या दारात जीप येऊन थांबली. त्यांच्या पत्नी हिराबाई आणि जावई त्यांना दोन्ही बाजूंनी धरून आणत होते. आबांना आडवं होता येत नव्हतं. बसल्या जागी छातीचा भाता चाललेला, ओठ निळे, आणि श्वासाबरोबर आत बुडबुड आवाज. फुप्फुसं पाण्याने भरली होती. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, मी सुया टोचल्या. असं पाणी एकदम ओढूनही चालत नाही, रक्तदाब कोसळतो; थोडं थोडं काढत बसावं लागतं. तोंडाने मी शांत असल्याचं दाखवत होतो. पण रक्तदाब पुन्हा पुन्हा तपासत होतो.

हिराबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून म्हणत होत्या, "मी म्हनलं व्हतं, पोरांच्या हाती पत्रिका धाडा. तर म्हनं, पत्रिका घेऊन मी ग्येलो न्हाई तर लोक म्हनतील, बिरू मेला का जित्ता हाय?"

संध्याकाळकडे आबांना बोलता येऊ लागलं. मी दबा धरून बसलोच होतो.

"आबा, किती पाणी प्यालात?"

"आईच्यान सांगतो, पान्याला शिवलो न्हाई."

"मग हे चार किलो कुठून आले?"

"च्या घेतला."

"किती?"

"जेवढी घरं तेवढा. पानी नगं म्हनलं की मानसं च्या टाकत्यात. त्यो काय पानी हाय का? आन् कवठ्याला ताक घेतलं. येमाईच्या कवठ्याला माजी मावसबहीण दिलीया. लग्नाची पत्रिका द्यायची आन् तिच्या ताकाला न्हाई म्हनायचं?"

आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी, मग चहा, आणि दोन्हींना नको म्हणणारा माणूस एक तर रागावलेला असतो, नाही तर माजलेला. आजारी आहे म्हटलं तर लोक म्हणतात, अर्धा कप घ्या. अर्ध्या अर्ध्या कपांनी आबा बुडाले होते. मी नेहमीप्रमाणे ओरडणार होतो. पण त्यांनीच माझा हात धरला.

"भाई, येक घर ऱ्हायलंय."

ते घर थोरल्या भावाचं होतं. मारुतीआप्पा. वस्तीपासून हाकेच्या अंतरावर. दोघांनी मिळून एकच कळप राखला होता. आबांनी आपल्या वाट्याची मेंढरं विकून विहीर पाडली तेव्हा आप्पा म्हणाले होते, "लक्ष्मी इकून चिखुल घेतलास." शब्दाने शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं. त्यानंतर किती तरी वर्षं दोघांनी एकमेकांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. आमच्या भागात भांडण मोडलं की नाही हे बोलण्यावरून ठरत नाही. घरी जाऊन पाणी प्यायलं तर ते मोडलं. रीतीने पहिली पत्रिका थोरल्या भावाच्या घरी जायला हवी. आबांना धीर झाला नाही, म्हणून त्यांनी सगळा मुलूख फिरून ते घर शेवटाला ठेवलं. तिकडे आप्पांच्या कानावर गेलंच, की बिरू कवठ्यापर्यंत जाऊन आला आणि आपल्या दारात नाही.

"दादा मांडवात न्हाई आला तर पोरीच्या डोईवर अक्षता कुनी टाकायच्या? मी हाय आज, उद्याचं काय खरं?" आबा म्हणाले. "मला जायाचंच हाय. आन् तितं पानी प्यायाचंच हाय. किती पिऊ त्येवढं तुमी सांगा."

डॉक्टर म्हणाले, घराबाहेर पाय टाकायचा नाही. डॉक्टरांचं बरोबर होतं. पण आबांचा चेहरा मी समोर बघत होतो. शेवटी डॉक्टरांनाच गळ घालून एक तोडगा काढला. पुढच्या पाळीला डायलिसिस झालं की तिथूनच थेट भावाकडे जायचं. तेव्हा अंग हलकं असतं, पेलाभर पाणी खपून जातं. आणि माझी एसटी त्याच रस्त्याने जाते म्हणून मी सोबत जायचं.

गेलो. हिराबाईही बरोबर होत्या. दिवस कलायला आला होता. आप्पांचं घर म्हणजे दोन खणांची पत्र्याची खोली, पुढे वाघुरीच्या जाळ्यात कोंडलेली मेंढरं, आणि आमच्यावर तुटून पडणारी दोन कुत्री. आप्पा घोंगडीवर बसले होते. तोच बांधा, तोच पटका, फक्त मिशा पांढऱ्या. उठले नाहीत. "या" म्हणाले नाहीत, "जा"ही म्हणाले नाहीत. आबा घोंगडीच्या कडेला टेकले. हिराबाईंनी पत्रिका पुढे केली, ती कुणीच घेईना. मग आप्पांच्या पत्नी आतून काठोकाठ भरलेला पितळी तांब्या घेऊन आल्या आणि आबांच्या पुढ्यात ठेवला.

तांब्याला तोंड लावायचं नाही, वरून प्यायचं, ही साधी रीत. आबांनी दोन्ही हातांनी तांब्या उचलला, पण डायलिसिस करून आलेला माणूस, हात लटपटले. त्यांनी सरळ तोंड लावलं. एक घोट, दोन, तीन. गळ्याची घाटी वरखाली होताना मी बघत होतो. तहानलेला माणूस पाणी कसं पितो हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. मी न राहवून म्हणालो, "आबा, बास."

तांब्या थांबला. आप्पांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"ह्ये पाव्हनं कोन?"

मी सांगितलं. मी मशीन चालवतो, यांना लघवी होत नाही, पाणी जास्त झालं तर जीव जातो.

"गावभर च्या ढोसत फिरला तवा जीव न्हाई ग्येला," आप्पा म्हणाले. "आन् माज्या दारात मोजून पितो व्हय?"

मला वाटलं, संपलं सगळं, मीच तोंड उघडून घालवलं. तेवढ्यात आबा तांब्या तसाच छातीशी धरून म्हणाले, "दादा, कालपास्नं पान्याचा थेंब घेतला न्हाई मी. तुज्यासाटी ऱ्हाखून ठिवलं व्हतं."

आप्पांनी हात पुढे करून आबांच्या हातातला तांब्या घेतला, त्याच काठाला तोंड लावलं आणि धाकट्या भावाचं उष्टं पाणी तळापर्यंत पिऊन टाकलं. मिशा पुसल्या. बायकोला म्हणाले, "पत्रिका घे. कुक्कू लाव हिराला." त्यांचा आवाज फाटला होता. मी उगाच मेंढरं बघत उभा राहिलो.

मंगलच्या लग्नात मी होतो. आप्पा काठी घेऊन आबांच्या शेजारी ठाण मांडून बसले होते. कुणी चहाचा कप घेऊन फिरकला की काठी आडवी. "त्येला न्हाई. माज्याकडं दे." त्या दिवशी आप्पा किती चहा प्यायले याची गणती नाही. आबांच्या हातावर लोक खडीसाखरेचा खडा ठेवायचे, आणि आबा पाहुण्यांकडे बघून मिश्कील हसायचे.

पुढे आबांच्या प्रत्येक पाळीला आप्पा सोबत यायला लागले. यंत्राकडे टक लावून बघायचे. "रगात भाईर काढता, आन् परत त्येच घालता?" असं त्यांनी मला कितीदा तरी विचारलं असेल. मीही दर वेळी सगळं नव्याने समजावून सांगायचो, इतरांवर खेकसणारा मी त्यांच्यावर कधी खेकसलो नाही. एक दिवस डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "मेंढराचं गुरदं मी बघिटलंय. दोन अस्त्यात. माजं येक काढून ह्याला लावा." तपासणी केली, तर त्यांच्याच लघवीत साखर निघाली. डॉक्टर नाही म्हणाले. आप्पा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. काही तरी चोरीला गेल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. मला आजही वाटतं, ते जमायला हवं होतं. ज्यांचं जमतं त्यांच्याकडे मनच नसतं, आणि ज्यांचं मन असतं त्यांचं जमत नाही, असं मी या धंद्यात फार पाहिलं.

आबांना बरे दिवस मिळाले. मंगलचं बाळ त्यांनी मांडीवर घेतलं, बाळाचा हात आपल्या मनगटावर ठेवून ती घरघर त्यालाही दाखवली. मग हृदय थकत गेलं. यंत्र सुरू केलं की रक्तदाब कोसळायचा, बंद केलं की दम लागायचा. एका पाळीला डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलं, आता आमच्या हातात काही राहिलं नाही. आबांनीही ते ओळखलं होतं. म्हणाले, "वस्तीवर न्या मला."

जीपमध्ये त्यांना बसवलं. मी उशी नीट करत होतो तेव्हा त्यांनी माझा हात थोपटला. आप्पा मात्र मागे थांबले. मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले आणि अगदी हळू विचारलं, "भाई, आता त्येला पानी किती द्यायचं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला हजारांनी विचारला असेल. उत्तर कायम तयार असायचं, पेल्याच्या मापासकट. त्या दिवशी ते माप लागू नव्हतं.

"आप्पा, आता मागतील तेवढं द्या."

आबांचं सगळं कार्य उरकल्यावर आप्पा एकदा शिरूरच्या बाजाराला आले, तेव्हा मुद्दाम माझ्याकडे डोकावले. मी त्यांना खुर्ची दिली. ते आबांच्या यंत्राकडे बघत बसले. तिथे आता दुसरं कुणी होतं. मी विचारलं, "आप्पा, शेवटी पाणी दिलंत ना पोटभर?"

"दिलं की. पितळी तांब्या भरून तोंडाला लावला. म्हनलं, पी बिरू, आता कुनी मोजत न्हाई." आप्पांनी पटक्याच्या टोकाने डोळे टिपले. "दोन घोट घेतले आन् तोंड फिरीवलं त्येनं. म्हनला, बास दादा. सलीमभाई रागवंल."